न हलणारे सात सांधे

पालमच्या एसटी स्टँडवर तो माझ्या तीन महिन्यांच्या कामावर बसला आणि वर मलाच म्हणाला, "सरका की जरा."

मी सरकले नाही. "आधी उठा," मी म्हणाले.

"कामून?"

"माझा कागद हाय तुमच्याखाली."

तो उठला. माझी गुंडाळी चपटी झाली होती. त्याने ती मांडीवर घेऊन तळहाताने सरळ करायला सुरुवात केली, म्हणजे आणखी चुरगळली. शर्टाच्या बाहीवर लाकडाचा भुसा, कानावर चपटी पेन्सिल... आणि चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नाही. मला न विचारता त्याने कागद उलगडलाही.

"जिलबी काढली का काय ही?"

"रेल्वे हाय. खेळण्यातली. तुमाला न्हाई कळायची."

हे मी रागात बोलले, आणि खरं सांगते, मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. त्यालाही वाटलेलं दिसलं नाही. तो कागदावर बोट फिरवत राहिला, एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर, हळूहळू, पोरं पाटीवरचं अक्षर गिरवतात तसं. मग म्हणाला, "मी सिद्धोधन. स्टँडच्या मागं माझं सुतारकामाचं दुकान हाय. लाकडात करायचं असलं तर या. बसल्याची भरपाई."

मला सुतार हवाच होता, ही खरी पंचाईत.

मी नीलम वाव्हळे. चुडाव्याला राहते आणि रोज दोन गाड्या बदलून पालमच्या एका खासगी शाळेत गणित शिकवायला येते. माझे वडील रंगनाथ चुडावा स्टेशनवर सांधेवाले आहेत. एका रुळावरची गाडी दुसऱ्या रुळावर न्यायची तर जिथे रुळाची जीभ इकडून तिकडे सरकवतात, तो सांधा. अण्णांचा जन्म सांधे सांभाळण्यात गेला आणि माझं बालपण ते बघण्यात.

माझ्या रेल्वेत मात्र सांधा माणसाने बदलायचा नव्हता. गाडीच बदलणार होती. शेवटच्या डब्याखाली एक खुंटी. गाडी डावीकडे गेली की जाता जाता ती खुंटी सांध्याची जीभ उजवीकडे ढकलणार. पुढच्या खेपेला गाडी आपोआप उजवीकडे. असे सात सांधे आणि आठ स्टेशनं, त्यांना नावं आमच्याच लाइनवरच्या गावांची. कुणी हात न लावता गाडी आठही स्टेशनांना एकेकदा जाणार, आणि सगळ्यांची पाळी झाल्याशिवाय कुणाकडेच दुसऱ्यांदा जाणार नाही. यात मला केवढा आनंद होता ते मी कुणाला सांगू शकत नव्हते, कारण ऐकणारा म्हणायचा, "पोराचं खेळणं ना?"

हे खेळणं परभणीच्या विज्ञान प्रदर्शनात शिक्षक गटात ठेवायचं होतं. माझ्या नावाने. हे 'माझ्या नावाने' महत्त्वाचं, कारण गेल्या वर्षी माझं अपूर्णांकांचं मॉडेल आमच्या मुख्याध्यापकांनी, दिनकरराव सरांनी, स्वतःच्या नावावर नेलं होतं. त्यांना ढाल मिळाली. ती त्यांच्या टेबलावर आहे आणि रोज हजेरीची सही करताना मला ती बघावी लागते. सर म्हणाले होते, "नाव शाळेचं होतं ना मॅडम, मग झालं तर." मला काही झालं नव्हतं. यंदा कार्डावर माझं नाव पाहिजे म्हणजे पाहिजे, असं मी ठरवलं होतं.

म्हणून मी त्या भुसकट माणसाला कागद दिला. सात ठिकाणी लाल शाईने ठळक लिहिलं होतं... सांधा.

आठ दिवसांनी गेले. दुकानात बाभळीच्या ओल्या लाकडाचा तुरट वास होता, आणि मधल्या फळीवर माझी रेल्वे. खरंच सुंदर झाली होती. वळणं अशी गुळगुळीत की बोट फिरवत राहावं. मी हसले, आणि तो माझ्याकडे बघतोय हे माझ्या लक्षात आलं, म्हणून हसायची थांबले.

"सातीच्या साती ठिकाणी सांधा केला मॅडम," तो म्हणाला. "आत बांबूची खिळी मारली, वरनं गम. हत्ती उभा राहिला तरी हलायचा न्हाई."

मला आधी कळलंच नाही. मी पहिल्या सांध्याची जीभ बोटाने ढकलली. मग अंगठ्याने. मग दोन्ही हातांनी.

"हा हलत न्हाई."

"हलल कसा? सांधा हाय."

"अवो, सांधा हाय म्हणूनच हलाया पायजे."

त्यानेही वाकून जीभ अंगठ्याने दाबून बघितली. 

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "हललेला सांधा घेऊन गिऱ्हाईक भांडायला येतं. न हललेला घेऊन आलेल्या तुमी पयल्या."

"रेल्वेतला सांधा म्हणजे रूळ बदलायची जागा. इचारायचं तरी एकदा."

"तुमीच म्हनल्या, तुमाला न्हाई कळायची. मंग इचारायचं कसं?"

 उत्तर नसलं की मला आणखी राग येतो. मी चहाला नाही म्हटलं, रेल्वे तिथेच ठेवली आणि बस यायला अर्धा तास असताना स्टँडवर जाऊन बसले. प्रदर्शनाला बाराच दिवस उरले होते. सगळ्यात जास्त राग याचा होता की त्याने काम चोख केलं होतं. वाईट केलं असतं तर मनसोक्त बोलता तरी आलं असतं.

रविवारी सकाळी अण्णांचा डबा घेऊन स्टेशनवर गेले. फलाटाच्या टोकाला, लिंबाखालच्या बाकावर अण्णा बसले होते, आणि त्यांच्या शेजारी तो. अण्णा दोन काड्या आडव्यातिडव्या धरून दाखवत होते आणि तो मान डोलवत होता.

"हे पोरगं पालमाहून सांधा बघायला आलंय," अण्णा म्हणाले. "पूर्णेपस्तोर बसनं, तिथनं गाडीनं."

"मला इचारायला तोंड न्हवतं का?" मी त्याला म्हणाले.

"तोंड हाय की. पर तुमी बोलू देयाला पायजे."

अण्णा हसले. ते हसले म्हणून मला त्यांचाही राग आला. मग अण्णांनी आपलं नेहमीचं काढलं. माझ्या खेळण्यावर त्यांचा पहिल्या दिवसापासून राग होता. "आपल्या मनानं बदलणारा सांधा म्हंजे सांधेवाल्याची चेष्टा हाय," ते म्हणाले. "मंग मी उन्हातानात काय केलं? गाडीलाच सगळं कळत असतं तर मला कशाला ठिवलं असतं रेल्वेनं?"

तीन महिने मी अण्णांना समजावून थकले होते. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "चेष्टा न्हाई अण्णा. त्यो मनानं न्हाई बदलत. मागच्या खेपेला गाडी कुठं गेली ते ध्यानात ठिवतो आन् त्यावरनं बदलतो. तुमी पन तेच करायलाव ना?"

 काड्या अण्णांच्या हातातच राहिल्या. "ध्यानात ठिवतो व्हय," ते स्वतःशी म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "मंग बराबर हाय त्याचं."

मी त्या माणसाकडे बघितलं. त्याला कळलं होतं... माझं खेळणं, माझ्या रेषा, मी जे कुणाला सांगू शकत नव्हते ते, सगळं. मला फार राग आला. छातीत काहीतरी भलतंच झालं होतं आणि त्याला दुसरं नाव द्यायची माझी तयारी नव्हती.

अण्णांनी त्याला माझ्यासोबत घरी धाडलं, आणि आई जेवायला थांबवल्याशिवाय सोडते कशाची. तिच्या हातची भाकरी खाऊन पाहुण्याने आणखी मागितली नाही तर तिला तो अपमान वाटतो. मी काही बोलायला गेले की ती म्हणायची, "त्याला खाऊ दे गं, मंग भांड." जाताना तो अंगणात चपला घालत म्हणाला, "उद्यापास्नं शाळा सुटली की दुकानात या. सात सांधे नव्यानं करू. या टायमाला हलनारे."

"येईन. पण मी सांगीन तसंच करायचं."

"तुमी सांगा तर. आजपस्तोर नुसत्या वरडायल्यात."

मग रोज शाळा सुटल्यापासून सव्वासहाच्या बसपर्यंत मी त्या दुकानात असायचे. जुने सांधे निघेनात, इतके पक्के होते. शेवटी त्याने करवत घेऊन सातही तुकडे कापून काढले. स्वतःचं काम स्वतः कापताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. त्या दिवशी चहाला मी नाही म्हटलं नाही.

नवी जीभ एका खिळ्यावर फिरायची. घट्ट झाली तर अडकायची, सैल झाली तर परत मागे यायची. शनिवारी पहिल्यांदा ती नीट बदलली आणि टक असा आवाज झाला. आम्ही दोघांनी एकदमच वर बघितलं.

"परत," मी म्हणाले.

टक.

"परत."

टक. तो हसत होता. माझ्या कपाळावर भुसा लागला होता वाटतं, त्याने हात उचलला, अर्ध्यावर थांबवला, आणि तीच बोटं स्वतःच्या कपाळावर नेऊन म्हणाला, "इथं... इथं लागलंय तुमच्या."

मी पुसलं. भलत्याच ठिकाणी पुसलं असणार, कारण तो तसाच बघत राहिला.

"काय झालं?"

"काय न्हाई. तुमी रागात असल्या की माप बराबर सांगता मॅडम. हसल्या की दोन सूत चुकता."

"मंग हसवू नका."

"मी कुठं हसवायलोय? मी तर काम करायलोय."

मी पट्टी उचलली आणि पुढचं माप सांगितलं. ते चुकलं. चांगलं चार सूत चुकलं. त्याने नुसती पेन्सिल कानावरून काढून बरोबर खूण केली. या माणसाचं हे बरोबर असणंच मला सहन होत नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी शाळेत चाचणी परीक्षा होती. दिनकरराव सरांनी मला दहापर्यंत सोडलं नाही. रेल्वे घेऊन सिद्धोधन टेम्पोने पुढे गेला. नोंदणीसाठी माझं नाव, शाळा, विषय, सगळं कागदावर लिहून मी त्याच्याकडे आदल्या दिवशीच दिलं होतं. साडेअकराला मी परभणीत पोहोचले, हॉलमध्ये शिरले, आमचं टेबल शोधलं. रेल्वेपुढे पांढरं कार्ड उभं होतं. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं... निर्मिती: सिद्धोधन हत्तीअंबीरे, पालम.

बस, एवढंच. माझं नाव खाली नव्हतं, मागे नव्हतं, कुठेच नव्हतं.

"हे काय हाय?" मी कार्डाकडे बोट दाखवलं.

"काय?" त्याने कार्डाकडे बघितलं. "नोंदनीवाल्यानं इचारलं, कुनी बनवलं? म्या म्हनलं, म्या."

"तुमी बनवलं?"

"म्याच बनवलं की. रंधा मारला, खिळे ठोकले, आठ दिवस..." तो बोलता बोलता थांबला.  त्याने खिशातून माझा कागद काढला, घडीसुद्धा न मोडलेला. "मॅडम... मला वाटलं, लाकडाचं इचारायलेत."

आतापर्यंतचे माझे सगळे राग लटके होते, हे मला त्या क्षणी कळलं. हा खरा होता. दिनकररावांनी चोरलं तेव्हा मी रडले नव्हते. आता डोळे भरून आले, कारण याला कळलं होतं, आणि कळूनही...

"मॅडम, मी बदलून आनतो," तो निघाला, तेवढ्यात परीक्षक आले. तात्याराव सर, निवृत्त मुख्याध्यापक, स्वेटर, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी कार्ड वाचलं.

"हे शिक्षक आहेत का?"

"न्हाई सर, मी सुतार हाय. डिझाईन मॅडमचं हाय."

"नोंद तुमच्या नावाची आहे. बाहेरून करून आणलेली वस्तू शिक्षक गटात चालत नाही. सगळेच शेवटी डिझाईन माझं म्हणतात."

"मंग काढून टाका स्पर्धेतनं," सिद्धोधन म्हणाला.  "चूक माझी हाय. मॅडमचं नाव खराब करू नका."

"तुमी कोण काढणारे?" मी ओरडलेच. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "आधी नाव घातलं न इचारता, आता काढता न इचारता? सर, मला दहा मिनिटं द्या. मी पाठ करून उभी राहते. तुम्ही गाडी सोडा. गाडी कुठल्या स्टेशनला जाईल ते मी न बघता सांगेन. ज्याने रेषा काढल्यात त्यालाच हे येईल. यांना विचारा, यांना येणार नाही."

"न्हाई येणार," तो लगेच म्हणाला.

तात्याराव सरांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे गाडी घरघरत निघाली. प्रत्येक फेरीत गाडी तीन सांध्यांवरून जाते, म्हणजे तीन वेळा टक.

"लिंबगाव," मी म्हणाले. टक, टक, टक.

"बरोबर," सर म्हणाले.

"पिंगळी."

टक... मग काहीच नाही... टक.

"बरोबर. पुढे?"

 मधला टक आला नव्हता. "सर, थांबू नका, गाडी चालू द्या. आता पूर्णा येईल." तीन टक झाले. "पण उजवीकडचा मधला सांधा बदललेला नाही. माझ्या आराखड्याप्रमाणे चौथ्या फेरीला पेडगाव यायला पाहिजे. ते येणार नाही. गाडी परभणीला जाईल."

 गाडीने वळण घेतलं, घरघर लांब गेली, जवळ आली. कुणीतरी हळूच म्हणालं, "परभणी."

मी वळले. तात्याराव सर टेबलावर वाकून तो मधला सांधा बोटाने ढकलून बघत होते. तो हलत नव्हता.

"सकाळी टेम्पोतनं उतरवताना जरा हलायलता," सिद्धोधन जमिनीकडे बघत म्हणाला. "म्हनून म्या खिळा ठोकून घट केला."

"सांधा हलतो म्हणून?"

"सवय हाय, मॅडम."

तात्याराव सर हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. "आवाजावरून ओळखलंत?" ते म्हणाले. "चालू असलेली गाडी कुणीही पाठ करेल. बिघडलेली कुठे जाईल हे पाठ करता येत नाही." त्यांनी स्वतः कार्डावरचं नाव खोडलं आणि माझ्याकडे पेन दिलं. संध्याकाळी राज्य पातळीसाठी निवडलेली तीन नावं फळ्यावर लागली, त्यात दुसरं माझं होतं. मी ते चार वेळा वाचलं.

तो बाहेर टेम्पोपाशी उभा होता. रेल्वे आत चढवून, गोणपाटात गुंडाळून, दोरीने बांधून झाली होती. माझ्यासाठी चहा सांगितला होता आणि स्वतःसाठी नाही. मी आले तरी त्याने वर बघितलं नाही.

"चहा गार झालाय," मी म्हणाले.

"दुसरा सांगू?"

"नको. मी अजून रागात हाय."

"म्हाईत हाय." तो दोरीची गाठ उगीच आवळत राहिला. "मॅडम... एक इचारू? लग्नाच्या पत्रिकेत पयलं नाव कुनाचं असतंय?"

"नवऱ्याचं टाकतात. कामून? कुणाचं लग्न हाय?"

"आपल्या पत्रिकेत तुमचं टाकू. पयलं. मोठ्या अक्षरात."

कप माझ्या हातात तसाच राहिला. 

"आपल्या?" मी म्हणाले. "म्हणजे मला एका शब्दानं न इचारता तुमी थेट छापखान्यात पोचलात? आज सकाळी जे केलं तेच परत?"

तो गडबडला. कानापर्यंत लाल झाला. "तसं न्हाई... मला वाटलं, इचारायच्या आधी नावाचं मिटवून घ्यावं. लई घाबरलोय मी. दुपारपास्नं."

"मंग आधी इचारा. नीट. आणि मॅडम म्हणू नका. मी तुमच्या शाळेत न्हाई."

त्याने दोरी सोडली. हात शर्टाला पुसले. ताठ उभा राहिला, हजेरी द्यायला उभं राहतात तसा, आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "नीलम रंगनाथ वाव्हळे... तुमी माझ्यासंग लग्न करताव का?"

माझं पूर्ण नाव होतं ते. कुणी खोडलं नव्हतं, कुणाच्या खाली लिहिलं नव्हतं, एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं. मी बराच वेळ शोधलं, पण त्यात रागावण्यासारखं काही सापडेना, म्हणून मग मी हो म्हणाले.